आत्याने टाइप केलेला फणस

साऱ्या दिल्लीत आजवर लावली गेली नसतील एवढी झाडं माझ्या आत्याने एकटीने टाइप केली आहेत. ही अतिशयोक्ती आहे असं ज्यांना वाटत असेल त्यांनी तिच्यासमोर बसून तसं म्हणून पाहावं. नोकरीची सगळी वर्षं ती एका केंद्रीय कार्यालयात स्टेनो होती, आणि ज्या तज्ज्ञ समितीची टिपणं ती घ्यायची त्या समितीचं काम एकच: धूर सोडणाऱ्या, पाणी नासवणाऱ्या, राख उडवणाऱ्या कारखान्यांना परवानगी द्यायची की नाही हे ठरवायचं, आणि द्यायची झाली तर कुठल्या अटींवर. धुराड्याची उंची किती, सांडपाणी कुठे सोडायचं, राख कुठे साठवायची, अशा सगळ्या अटी संपल्या की शेवटी झाडांची अट यायची. अमुक हिस्सा जागा हिरवी ठेवा, गावाच्या बाजूला झाडांच्या रांगा लावा. तज्ज्ञ मंडळी बोलायची, आत्या लिहायची, संध्याकाळपर्यंत टाइप करून सहीला पाठवायची. त्यामुळे तिच्या वयाच्या बाकीच्या बायका नातवंडांविषयी बोलतात तशी ती या झाडांविषयी बोलायची. "फरिदाबादला माझी पुष्कळ झाडं आहेत रे, एकदा बघून यायला पाहिजे," असं ती सहज म्हणून जायची, आणि नवा माणूस तिला मोठी बागायतदारीण समजायचा.

आत्या मूळची चिपळूणजवळच्या एका खेड्यातली. तरुणपणी परीक्षा देऊन दिल्लीला आली ती एक उसना स्वेटर आणि कोकमाच्या आगळाची बाटली एवढ्या सामानावर, आणि इथलीच झाली. लग्न केलं नाही. का केलं नाहीस, असं कुणी विचारलंच तर "अर्ज आले होते, पण कागदपत्रं अपुरी होती," एवढं सांगून पुढच्या विषयाला लागायची. उमेदीचा सगळा काळ सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेला. निवृत्तीनंतर ते सोडावं लागलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी आपापल्या घरी चल म्हणून आग्रह केला. तो तिने शांतपणे ऐकून घेतला आणि मुनिरकात, जिथे एका जिन्यावर बिहारपासून मणिपूरपर्यंतची पोरंपोरी कोंबलेली असतात अशा एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर खोली भाड्याने घेऊन राहिली. "तिथे कुणी माझी काळजी करत नाही, म्हणून तब्येत बरी राहते," हे तिचं म्हणणं. आम्हाला ते लागलं, पण खोटं म्हणता येईना.

इतकी वर्षं परवानग्या टाइप करून तिचा स्वभावच तसा झाला होता. ती कुठल्याही गोष्टीला सरळ हो किंवा नाही म्हणायची नाही. एकदा भर पावसात मी तिच्याकडे छत्री मागितली. "देते. पण अटींसह," आत्या म्हणाली. "एक, मेट्रोत विसरायची नाही. दोन, घरी गेल्यावर उघडी करून वाळवायची, ओली दाराआड कोंबायची नाही. आणि तीन, अटी पाळल्यास की नाही हे बघायला मी केव्हाही, न कळवता येईन." मी हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटो करून ती गाझियाबादला आमच्या दारात हजर. छत्री दाराआड ओली कोंबलेली होती. माझ्या बायकोने, तेव्हा ती नवीनच होती, चहाचं विचारलं, तर "आधी पाहणी, मग चहा," म्हणत आत्या न्हाणीघरापर्यंत जाऊन आली. तो चहा मात्र तिने दोनदा मागून घेतला, आणि जाताना बायकोच्या हातात घरच्या काजूंची पुडी ठेवून गेली. त्या दिवसापासून बायको तिच्या बाजूची झाली आणि मी या घरात अल्पमतात गेलो.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. कुठेही गेली की आत्या आधी पदराचं टोक चिमटीत धरून हात उंच करायची आणि वारा कुठून येतो ते बघायची. देवळात, बँकेत, डॉक्टरकडे, कुठेही. कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या जुन्या अतिथीगृहात आमच्या नात्यातल्या एका मुलीचा साखरपुडा होता. हिरवळीवर केटररने तंदूर लावलेला, आणि त्याचा सगळा धूर म्हाताऱ्या मंडळींच्या रांगेवर. मंडळी खोकत होती, डोळे पुसत होती, पण कार्य दुसऱ्याचं म्हणून गप्प होती. कुणीतरी शहाणपणाने खुर्च्या उचलायला घेतल्या. आत्याने पदर वर केला, वारा पाहिला आणि खुर्च्या उचलणाऱ्याचा हात धरला. "खुर्च्या खाली ठेव. धूर करणाऱ्याने हलायचं, धूर खाणाऱ्याने नाही." आणि केटररकडे वळून, "भैया, तंदूर उधर. बिल्कुल उस दीवार के पास." तो बिचारा "मॅडम, जलता हुआ तंदूर कैसे..." असं काही म्हणू लागला, पण आत्याचा चेहरा पाहून त्याने चार माणसं बोलावली आणि पेटता तंदूर मिरवणुकीने पलीकडच्या भिंतीशी गेला. मुलाच्या आईने हळूच मला विचारलं, "या तुमच्याकडच्या का?" मी हो म्हणालो. तरी लग्न ठरल्याप्रमाणे झालं आणि मुलीला सासरी आजतागायत कुणी वर आवाज करून बोललेलं नाही.

निवृत्त झाल्यावर तिने आपली झाडं बघायला जायचं मनावर घेतलं. गाडी माझी, पेट्रोल माझं, रविवारही माझाच. सकाळी मुनिरकाच्या कोपऱ्यावर आत्या उभी असायची: सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्याला रुमाल, हातात पाण्याचा कॅन. कॅन कशाला, असं मी पहिल्यांदा विचारलं तर म्हणाली, "झाडांना भेटायला रिकाम्या हाताने जातात का?" कुठे जायचं ते सगळं तिच्या डोक्यात. कारखान्याच्या फाटकाशी गाडी थांबली की ती उतरून पहारेकऱ्याला एवढंच सांगायची, "भैया, कंडीशन देखने आई हूँ." यात खोटं काहीच नव्हतं. पण त्या वयाची, त्या बुटांतली, त्या आवाजाची बाई अट बघायला आली आहे म्हटल्यावर पहारेकरी सलाम ठोकायचा, आतून कुणीतरी शर्ट खोचत धावत यायचं, आणि मला बाईसाहेबांचा ड्रायव्हर समजून वेगळा चहा मिळायचा. "मी कुणी अधिकारी नाही, निवृत्त स्टेनो आहे," असं ती प्रत्येक ठिकाणी स्पष्ट सांगायची. त्याचा परिणाम उलटाच व्हायचा, कारण आपण कुणी नाही असं सांगणारी बाई नक्कीच फार वरून आलेली असणार, असं त्या मंडळींना वाटायचं.

आणि झाडं? एका ठिकाणी फाटकापाशी प्लॅस्टिकचे माड उभे होते, त्यांवर धुळीचा थर. आत्याने बोटाने धूळ पुसून पाहिली आणि "पानं खरी नसली तरी धूळ खरी आहे," म्हणाली. दुसऱ्या एका कारखान्याने गावाकडच्या भिंतीवर अख्खं जंगल रंगवून घेतलं होतं, हरणांसकट. तिसरीकडे कुंड्यांची लांब रांग पाहून मी खूश झालो, पण कुंड्यांवर भाड्याने देणाऱ्या नर्सरीच्या चिठ्ठ्या होत्या आणि तपासणी आदल्याच दिवशी आटोपल्यामुळे नर्सरीचा टेम्पो त्या परत न्यायला आला होता. आत्याने कॅनमधलं पाणी त्या कुंड्यांना घातलं. "त्यांचा काय दोष, त्यांना तर रोज नवं सासर," म्हणाली.

मला चमत्कारिक वाटायचं ते पुढचं. भिंतीशी एकही झाड नाही असं दिसलं की आत्याचा चेहरा आधी खुलायचा. चांगला खुलायचा. परतीच्या वाटेवर ती मला ढाब्यावर थांबवून गरम जिलबी खाऊ घालायची. आणि जिलबी अर्धी होते न होते तोच तिचा चेहरा उतरायचा आणि मुनिरका येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसायची. झाडं नाहीत म्हणून जिलबी खाणारी आणि झाडं नाहीत म्हणूनच रुसणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. एका रविवारी मी वैतागलो. म्हटलं, "आत्या, तुला झाडं हवीत की नकोत? एकदाच काय ते सांग. मी उन्हातान्हात गाडी हाकतोय."

तिने जिलबी खाली ठेवली, बोटं पुसली आणि सांगितलं. पूर्वी एकदा समितीची बैठक लांबली होती. कारखाना कसलासा होता, अटी सगळ्या झाल्या होत्या, जेवणाची वेळ टळून गेली होती. अध्यक्ष उठता उठता म्हणाले, "और वो पेड़ वाला डाल दीजिए. गाँव की तरफ़ तीन रो, लोकल स्पीशीज़." आणि मंडळी जेवायला गेली. आता स्थानिक झाडं म्हणजे कुठली, ते कुणी सांगितलं नव्हतं. आत्याने शेजारच्या टेबलावरच्या बाबूंना विचारलं, ते म्हणाले, "कुछ भी लिख दो." तिने कडुनिंब लिहिलं. करंज लिहिलं. आणि तिसरं झाड तिला आठवेना. "दिल्लीत येऊन वर्षं झाली होती, पण मला झाडं आपल्याकडचीच ठाऊक," आत्या म्हणाली. "आपल्या घराच्या कुंपणाशी फणस होता. रस्त्याची धूळ सगळी त्याच्या पानांवर, अंगण स्वच्छ. आई पांढरी लुगडी त्याच्या आड वाळत घालायची. मी आपलं फणस लिहिलं."

कागदावर सही झाली. सरकारी कागदाचं असं असतं की एकदा सही झाली की तो पुढच्या कागदाचा नमुना होतो. पुढच्या काही परवानग्यांत तोच मजकूर उतरला, आणि चिपळूणचा फणस उत्तरेतल्या चार-पाच कारखान्यांच्या अटींत जाऊन बसला. मग एका बैठकीत एका वनस्पतितज्ज्ञांच्या ते लक्षात आलं. "ये कटहल किसने लगवाया?" म्हणून ते हसले आणि मग गंभीर झाले. कारखान्याच्या भिंतीशी फळझाड कधी लावू नये, म्हणाले. धूळ, धूर, जमिनीत काय मुरतंय कोण जाणे, आणि लोक तर फळ तोडून खाणारच. पुढच्या कागदांतून फणस वगळला गेला. आधी गेलेल्या परवानग्यांचं काय, असं आत्याने धीर करून आपल्या अधिकाऱ्याला विचारलं. त्याने हात झटकला. "छोड़िए मैडम, पेड़ लगाता कौन है!"

"म्हणून बघायला जाते," आत्या म्हणाली. "भिंत रिकामी दिसली की वाटतं, सुटले. कुणी लावलं नाही म्हणजे कुणी खाल्लंही नाही. माझ्या हातून कुणाच्या पोटात विष गेलं नाही. आणि मग वाटतं, म्हणजे इतकी वर्षं मी जे लिहिलं ते कुणी वाचलंच नाही. कुणीच नाही रे." मी आणखी जिलबी मागवली. फणसवाल्या परवानग्यांपैकी आता एकच जागा बघायची राहिली होती, हापुडच्या पुढचा एक कागदाचा कारखाना.

तिथे आम्ही मे संपता संपता गेलो. लू सुटली होती, उत्तरेतला तो भाजून काढणारा वारा. रस्ता वळला तसं लांबूनच कारखान्याचं धुराडं दिसलं, आणि त्याच्या अलीकडे, गावाच्या बाजूने, आसपासच्या सगळ्या करपलेल्या माळावर एकच गर्द हिरवी पट्टी. आत्याने माझा दंड असा घट्ट धरला की गाडी जराशी शेतात गेली. जवळ गेलो तर भिंतीलगत झाडांच्या तीन रांगा, कडुनिंब आणि करंज आणि त्यांच्यामध्ये, आपल्याकडे असतात तसेच बुंध्याला फळं लगडलेले, फणस. चांगले मोठे, काटेरी, धोंड्यासारखे फणस. आत्याने चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. झाडांच्या आड दोरीवर गावातल्या कुणाचे तरी कपडे वाळत होते, त्यात शाळेचे पांढरे सदरे होते. ती किती वेळ त्या सदऱ्यांकडेच बघत राहिली.

झाडांखाली एक बाई शेळ्या घेऊन बसली होती. आत्याने विचारलं, "इसका क्या करते हो आप लोग?"

"कटहल का? सब्ज़ी बनाते हैं, बुआजी. अचार डालते हैं."

"खाते हैं?"

"और क्या, देखने के लिए है? बरसों से खा रहे हैं."

आत्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. तिने दोन्ही हात वर केले. "अब नहीं. जब तक मैं न कहूँ, कोई नहीं खाएगा."

बाई उठून उभी राहिली. "क्यों? आपका है क्या?"

"हाँ," आत्या म्हणाली, "मेरा है." बाई माझ्याकडे बघायला लागली आणि मी आभाळाकडे.

कारखान्याचा मॅनेजर तरुण होता. त्याला झाडांचं काही माहीत नव्हतं, त्याने जुन्या माळ्याला बोलावलं. माळी म्हणाला, "पुराने मैनेजर साहब थे. कागज़ में लिखा आया था. मैंने कहा साहब, कटहल यहाँ दीवार पर कौन लगाता है, मज़ाक होगा. बोले, किसी ने लिखा है तो सोचकर लिखा होगा, लगाओ. दूर से पौधे मँगवाए." ते साहेब कुठे असतात, असं आत्याने विचारलं. माळ्याला ठाऊक नव्हतं. नोकरी सोडून आपल्या मुलखात गेले, फार वर्षं झाली, मुलूख कुठला तेही कुणी विचारलं नव्हतं. आत्याने परत एकदा विचारलं, जणू आता आठवेल. मग दोन फणस मागितले. मॅनेजरने ते स्वतः उचलून गाडीत ठेवले आणि दार लावताना म्हणाला, "मैडम, रिपोर्ट में ज़रा देख लीजिएगा." आत्या म्हणाली, "मी... मैं स्टेनो हूँ." त्याने आणखीनच वाकून नमस्कार केला.

एक फणस तपासायला आणि दुसरा पिकायला, अशी तिने वाटणी केली. तपासणीची प्रयोगशाळा ओखल्याला. मला ऑफिस होतं, म्हणून आत्या फणस शबनम पिशवीत घालून मुनिरकाहून एकटी मेट्रोने निघाली. सामान तपासणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर आतून गोट्यांनी भरलेली काटेरी लंबगोल वस्तू दिसली तशी तिथल्या जवानाने पट्टा थांबवला. "आंटी, ये क्या है? फटेगा तो नहीं?" "अभी कच्चा है," आत्याने सांगितलं, "पकेगा तब खुद ही खुलेगा." त्यावर त्याचे वरिष्ठ आले, त्यांचे वरिष्ठ आले, आणि अखेर केरळचा एक जवान सापडला, त्याने फणसाला हात लावून नमस्कार केला तेव्हा पट्टा पुढे चालू झाला. प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञाला आत्याने सांगितलं की यात जे जे असू नये ते ते आहे का बघा. तो म्हणाला, वेळ लागेल. ती म्हणाली, "मेरे पास है. दूसरे कटहल के पास नहीं है."

कारण दुसरा फणस तिच्या खाटेखाली गोणपाटात पिकत होता. अहवाल येईपर्यंत तो कापायचा नाही, ही अट तिचीच. कोकणातल्या उघड्या पडवीत पिकणारा फणस आणि मुनिरकात खिडकीसमोर खिडकी असलेल्या खोलीत पिकणारा फणस यांत फार फरक आहे. आधी शेजारच्या खोलीतल्या मुलींनी खिडकी लावून घेतली. मग वरच्या मजल्यावरच्या एका संशोधक मुलाने गॅस गळतोय म्हणून जिन्यातले सगळे सिलेंडर तपासले. मग पलीकडच्या इमारतीतून तक्रार आली, आणि शेवटी घरमालक नाकाला उपरणं लावून वर आला. मी नेमका तिथे होतो. "मैडम," तो म्हणाला, "आप तो पढ़ी-लिखी हैं. ये प्रदूषण किसकी इजाज़त से हो रहा है?"

जन्मभर जो प्रश्न इतरांना विचारला गेला तो आज आत्याच्याच खाटेखालून आला होता. ती उठली, पदराचं टोक वर धरून वारा पाहिला, वारा खरोखरच तिच्या खोलीतून घरमालकाच्या घराकडे जात होता. "आपकी बात सही है," ती म्हणाली. "अर्ज देती हूँ. शाम तक का समय दीजिए." घरमालकाला अर्ज नको होता, पण आत्याने तो लिहिलाच, खाली आपल्यावर आपणच तीन अटी घातल्या, आणि खिडकीला ओली चादर लावली.

त्याच दुपारी फोन आला. आत्याने तो मला ऐकू यावा म्हणून मोठ्या आवाजावर ठेवला. रसायनतज्ज्ञ म्हणाला, "मैडम, सैंपल बिल्कुल ठीक है. सब लिमिट के अंदर. आराम से खाइए. बस दोबारा मत भेजिएगा, पूरी लैब चिपचिपी हो गई है." आत्याने "अच्छा" म्हटलं, फोन ठेवला आणि खाटेवर बसून रडायला लागली. हुंदके देऊन. माझे वडील, म्हणजे तिचा सख्खा भाऊ, गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने तीच डोळे पुसून म्हणाली, "तेलाची बाटली आण आणि घरमालकाला बोलाव."

तो फणस तिने जिन्यातच कापला. विळी नव्हती, संशोधक मुलाचा सुरा होता. तळहातांना तेल चोपडून आत्या गरे काढत होती, आणि ज्या ज्या दारातून तक्रार आली होती त्या त्या दारात वाटी जात होती. माझ्याबरोबर आलेली माझी मुलगी इकडेच वाढलेली, तिला गरे हा शब्दच माहीत नव्हता. "आत्याआजी, कटहल का ये मीठावाला पार्ट मला अजून दे ना यार," असं ती म्हणाली तेव्हा आत्याने तिला गऱ्याचा अर्थ सांगितला आणि दोन जादा दिले. घरमालकाने एक खाल्ला, दुसरा खाल्ला, आणि "इजाज़त है," म्हणाला. उरलेले गरे डब्यात भरून आम्ही पुढच्या रविवारी हापुडला गेलो. शेळ्यांवाल्या बाईला आत्याने दोन गोष्टी सांगितल्या: खुशाल खा, आणि एखादा तरी झाडावर पिकू दे. त्या गावाने कधी पिकलेला खाल्लाच नव्हता, कच्चाच तोडायचे. बाईने गरा तोंडात टाकला आणि लगेच दुसरा उचलला. मग म्हणाली, "बुआजी, ये तो मिठाई निकली."

आता आत्या दिल्लीत नाही. गुडघे गेले, मुनिरकाचा जिना झेपेना, आणि अखेर ती चिपळूणच्या घरी चुलतभावाकडे जाऊन राहिली, अर्थात अटींसह. तिच्यावाचून आमच्या घरातल्या छत्र्या पुन्हा दाराआड ओल्या पडतात आणि ते मला मुळीच आवडत नाही. तिथे तिच्या अंगणात फणस पडून फुटतात, गुरं खातात. तरी जून आला की तिचा फोन येतो, "गेलास का रे?" मी जातो. शेळ्यांवाली बाई एका फणसाला जुन्या ओढणीची चिंधी बांधून ठेवते, म्हणजे तो कुणी कच्चा तोडत नाही. "ये बुआजी का है," म्हणून दाखवते. मी तिथूनच आत्याला फोन लावतो. ती फणसाचं विचारत नाही. दर वर्षी एकच विचारते.

"झाडांआड कपडे वाळत घातलेत का?"

"घातलेत."

"सदरे कसे आहेत?"

यंदा मी जरा जवळ जाऊन पाहिलं. उन्हात दोरीवर शाळेचे सदरे हलत होते, कारखान्याकडून वारा येत होता, आणि तीन रांगांच्या पानांवर जाड धूळ बसली होती.

"पांढरेशुभ्र आहेत, आत्या," मी म्हणालो.

मग तिने विचारलं, "त्या जुन्या मॅनेजरसाहेबांचा काही पत्ता लागला का रे?" मी नाही म्हणालो. "विचारत राहा," आत्या म्हणाली. "त्यांना सांगायचंय, मी काही सोचकर लिहिलं नव्हतं. पण त्यांनी लावलं ते बरं झालं."